पाचवा स्कोअर

अमेरिकेतल्या विद्यापीठीय गोल्फमध्ये एका संघाकडून पाच जण खेळतात आणि प्रत्येक फेरीनंतर त्यांतल्या चार चांगल्या स्कोअरचीच बेरीज संघाच्या नावावर लागते. पाचवा, म्हणजे त्या दिवशीचा सर्वांत वाईट स्कोअर, सोडून दिला जातो. गोल्फमध्ये स्कोअर म्हणजे एकूण फटके, जितके कमी तितके चांगले. ऑगस्ट 2019 ते मे 2024 अशी पाच वर्षे मी या पद्धतीत खेळलो, तीन स्पर्धा वैयक्तिक पातळीवर जिंकलो आणि त्यानंतर व्यावसायिक गोल्फच्या पात्रता फेऱ्यांना उतरलो. पुण्यातले पालक आणि खेळणारी मुले या वाटेविषयी मला वारंवार विचारतात, आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा जे घडले ते सलग लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

बाबा लष्करात होते, त्यामुळे माझे गोल्फ छावण्यांतल्या मैदानांवर सुरू झाले. बदल्या होत राहिल्या, शाळा बदलत गेल्या, पण जिथे जाऊ तिथे बहुधा एक मैदान असेच. पुण्यात स्थिरावल्यावर तिथल्या एका ज्येष्ठ कॅडींकडून, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाकडून, मी पटिंग (चेंडू घरंगळवत भोकात टाकणे) शिकलो. आम्ही सगळी मुले त्यांना मामा म्हणत असू. ते ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, वाकून तळहात गवतावरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवत आणि मग मलाही तसेच करायला लावत. “गवत कुठं झोपलंय ते आधी बघ, उतार नंतर,” हे त्यांचे वाक्य मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकले असेल. आपल्याकडच्या उष्ण हवेत ग्रीनवर साधारणपणे बर्म्युडा जातीचे गवत असते आणि त्याची पाती ज्या दिशेला झुकलेली असतात त्या दिशेला चेंडू ओढला जातो. हे मला तळहाताला कळत असे. त्यामागचे कारण मी पुष्कळ नंतर वाचले.

अकरावीत असताना मी अमेरिकेतल्या सत्तरएक प्रशिक्षकांना पत्रे पाठवली. सोबत स्विंगची, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारण्याच्या पद्धतीची, दोन चित्रणे, एक समोरून घेतलेले आणि एक मागून, आणि दोन वर्षांच्या स्पर्धांचे सगळे निकाल जोडले होते. उत्तरे नऊ आली. मला वाटत होते की हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, पाहून प्रशिक्षक प्रभावित होतील, परंतु हँडिकॅपविषयी एकानेही विचारले नाही. त्यांना हवे होते ते असे: स्पर्धा किती फेऱ्यांची होती, मैदानाची लांबी किती होती, तुझ्याबरोबर कोण खेळले, आणि जागतिक हौशी क्रमवारीत तुझे नाव आहे का. क्लबातल्या रविवारच्या फेरीत मारलेल्या 67 पेक्षा इंडियन गोल्फ युनियनच्या चार दिवसांच्या स्पर्धेतली वाऱ्यातली 73 त्यांच्या लेखी मोलाची होती. म्हणून जी मुले आज चौदा-पंधरा वर्षांची आहेत त्यांना मी हेच सांगतो की स्विंगचे चित्रण सुंदर करण्यात वेळ घालवू नका, मोजल्या जाणाऱ्या स्पर्धा खेळा आणि वाईट निकालही लपवू नका. प्रशिक्षक ते शोधून काढतातच.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो कंटाळवाणा असला तरी तिथेच अनेकांचे वर्ष वाया जाते. डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे विद्यापीठीय खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, खेळायचे तर हे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पात्रता केंद्राकडून दोन गोष्टींचा दाखला लागतो: अभ्यासाचा आणि हौशीपणाचा. अभ्यासासाठी नववीपासून बारावीपर्यंतच्या 16 मुख्य विषयांचे गुण पाहिले जातात आणि त्यांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 असावी लागते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका सगळे जपून ठेवतात, नववीची मात्र कोणी विचारत नाही. माझी नववी दुसऱ्या गावच्या शाळेत झाली होती आणि ती गुणपत्रिका मिळवण्यासाठी आईला तिथे दोनदा जाऊन बसावे लागले. तेव्हा नववीची गुणपत्रिका आजच शोधून ठेवा.

पैशांचे गणित मात्र नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी पुरुषांच्या गोल्फसाठी एका विद्यापीठाला जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या देता येत, महिलांच्या गोल्फसाठी सहा. संघात नऊ-दहा मुले असत, म्हणजे प्रशिक्षक त्या साडेचारांचे तुकडे करून वाटत. मला पहिल्या वर्षी खर्चाच्या साठ टक्के मिळाले आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली. “पूर्ण शिष्यवृत्तीवर गेला” असे नातेवाइकांत पसरले होते आणि आई प्रत्येकाला ते दुरुस्त करून सांगत असे. 2025-26 पासून हा नियम बदलला आहे. नव्या व्यवस्थेत सहभागी झालेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा राहिलेली नाही, मात्र गोल्फ संघात नऊच खेळाडू ठेवता येतात. वरच्या खेळाडूंना याचा फायदा होईल. पण दहाव्या-अकराव्या क्रमांकावर राहून, स्वतःच्या खर्चाने शिकत, दोन वर्षांनी संघात येणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठीचे दार आता अरुंद झाले याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे विद्यापीठ उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशात, लहानशा गावात होते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ, आणि सराव एका मोठ्या पत्र्याच्या इमारतीत, कृत्रिम गवतावर. संघात नाव असणे आणि स्पर्धेच्या बसमध्ये जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे पहिल्याच पंधरवड्यात कळले. प्रत्येक स्पर्धेपूर्वी आपापसांत तीन फेऱ्या होत आणि त्यांतून पाच जण निवडले जात. सप्टेंबर 2019 मध्ये पाचव्या जागेसाठी मी आणि शेवटच्या वर्षाचा एक मुलगा अठराव्या ग्रीनवर बरोबरीत आलो. त्याचा चेंडू भोकाजवळ होता, माझा पाच फुटांवर. मी सवयीने वाकून गवतावर तळहात फिरवू लागलो, तेवढ्यात तो घाईने म्हणाला, “हात उचल, दंड बसेल.” तो खरे बोलत होता. ग्रीनचा पृष्ठभाग घासून चाचपणे नियमात बसत नाही. सरावाच्या ग्रीनवर मामांनी जे करून दाखवले होते ते फेरी चालू असताना चालत नाही. मी वेळेत हात मागे घेतला, पण मनातून पुरता हललो. शिवाय तिकडचे गवत बेंट जातीचे, बारीक आणि उभे, त्याला ओढ जवळजवळ नाही. मी डोळ्यांनी पाहिलेल्या ओढीचा हिशेब करून चेंडू मारला आणि तो उजव्या कडेवरून सरळ निघून गेला. तो मुलगा स्पर्धेला गेला. त्याच संध्याकाळी त्याने मला सरावाच्या ग्रीनवर नेऊन दीड तास पटिंग करून घेतले, तेही कोणी न सांगता. पुढच्या स्पर्धेत आम्ही दोघेही पाचांत होतो.

विद्यापीठीय स्पर्धा साधारण 54 भोकांची, म्हणजे तीन फेऱ्यांची, असते आणि बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी 36 भोके सलग खेळून घेतात. कॅडी नसतो. पिशवी स्वतः खांद्यावर घ्यायची किंवा ढकलगाडीवर टाकायची आणि सकाळी साडेसातपासून संध्याकाळ होईपर्यंत चालत राहायचे. व्यावसायिक गोल्फमध्ये नसलेली एक गोष्ट इथे असते, ती म्हणजे खेळ चालू असताना प्रशिक्षक तुमच्याशी बोलू शकतात. आमचे कोच नेहमी लांबच्या पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या भोकाच्या, टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभे राहत. ते स्विंगविषयी चकार शब्द काढत नसत. फक्त “मध्य,” एवढेच म्हणत, म्हणजे झेंडा कुठेही असो, ग्रीनच्या मध्यावर मार. पहिले वर्षभर मला त्या एका शब्दाचा राग येई. मला झेंड्याकडे मारायचे असे आणि मी अनेकदा तसे मारून बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेलो.

आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुटी द्यावीच लागते. पण त्याबरोबर सत्राला किमान 12 क्रेडिटचा अभ्यासही असतो, आणि तो कोणी माफ करत नाही. मी संख्याशास्त्र घेतले होते. हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत, समोर घड्याळ लावून बसलेल्या साहाय्यक प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मी संभाव्यतेची परीक्षा दिली आहे आणि तासाभराने टीवर उभा राहिलो आहे. 12 मार्च 2020 रोजी आम्ही दक्षिणेतल्या एका स्पर्धेसाठी बसमध्ये सामान भरत असताना करोनामुळे हंगामच रद्द झाल्याची बातमी आली आणि सामान पुन्हा उतरवले. त्या वर्षीच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले; माझे पाचवे वर्ष त्यातूनच आले.

संख्याशास्त्राने माझा खेळ बदलला, हे मी निःसंकोच सांगतो. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी मांडलेली स्ट्रोक्स गेन्ड ही पद्धत पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक स्पर्धामालिका, 2011 पासून पटिंगसाठी वापरू लागली. तिचा गाभा सोपा आहे: प्रत्येक जागेवरून चांगल्या खेळाडूला सरासरी किती फटके लागतात ते काढायचे आणि आपला फटका त्या मानाने किती चांगला किंवा वाईट होता ते पाहायचे. पीजीए टूरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट टाकतात. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, कारण तोवर आठ फुटांवरून चुकलो की मी स्वतःला दोष देत असे आणि त्या रागात पुढच्या टीवरून चेंडू झाडीत घालवत असे. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मी माझ्या सगळ्या फेऱ्यांचा असा हिशेब मांडला. माझे फटके पटिंगमध्ये जात नव्हतेच, ते जात होते 170 ते 200 यार्डांवरून ग्रीनकडे मारलेल्या चेंडूंत, म्हणजे नेमके जिथे कोच “मध्य” म्हणत तिथे. तिसऱ्या वर्षी माझी सरासरी 72.6 वरून 70.9 वर आली आणि त्या वसंतात मी पहिली स्पर्धा जिंकलो.

त्या काळात आमच्या संघात सर्वांत जास्त बोलले जाणारे नाव साहिथ थिगला याचे होते, आणि एकटा भारतीय म्हणून त्याच्याविषयी मला विचारले जाई. तो कॅलिफोर्नियात तेलुगू घरात वाढलेला, पेपरडाइन विद्यापीठाचा. मनगटाच्या दुखापतीमुळे त्याचे एक वर्ष गेले, पण परत आल्यावर 2020 मध्ये त्याने हॅस्किन्स, बेन होगन आणि जॅक निकलॉस हे विद्यापीठीय गोल्फमधले तिन्ही मोठे पुरस्कार एकाच वर्षी मिळवले. हंगाम अर्धवट थांबलेला असताना तो व्यावसायिक झाला, आणि त्याच्या जुन्या संघाने पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, त्याच्याशिवाय राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. त्याला पीजीए टूरचे कार्ड, म्हणजे त्या टूरवर खेळण्याचा हक्क, 2021च्या कॉर्न फेरी टूर या खालच्या टूरच्या अंतिम स्पर्धांमधून मिळाले आणि पहिला विजय सप्टेंबर 2023 मध्ये नापा इथे. म्हणजे देशातला सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडू ठरल्यावरही पहिल्या विजयापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. माझ्या दृष्टीने ही फार महत्त्वाची नोंद आहे.

आता वरच्या खेळाडूंसाठी थेट पायरी आहे. 2020 मध्ये पीजीए टूर युनिव्हर्सिटी नावाची क्रमवारी सुरू झाली. तीत शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंना स्थान मिळते आणि वरच्या क्रमांकांना खालच्या टूरवर थेट जागा मिळतात. 2023 पासून पहिल्या क्रमांकाला पीजीए टूरचेच कार्ड देऊ लागले, आणि ते पहिल्यांदा टेक्सास टेकच्या लुडविग ओबर्गला मिळाले. जूनमध्ये तो टूरवर आला आणि सप्टेंबरअखेर रोममध्ये रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका सामना) खेळला, तोवर एकही मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, न खेळता. त्याच्याबरोबर एका विद्यापीठीय स्पर्धेत मी शेजारच्या गटात होतो. त्याच्या ड्रायव्हरचा आवाज मला अजून आठवतो: कोरडा, छोटा, दरवेळी तोच. त्या क्रमवारीत पहिल्या पंचविसांत माझे नाव आले नाही, येण्यासारखे नव्हते. तीन विजयांनी मी आमच्या विद्यापीठात आणि आमच्या विभागात मोठा होतो. देशात माझ्यासारखे शंभर तरी होते.

मे 2024 मध्ये आमच्या संघाने विभागाचे विजेतेपद मिळवले आणि आम्ही प्रादेशिक फेरीत पोचलो. देशभरात अशा सहा फेऱ्या असतात आणि प्रत्येकीतून पाच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जातात. त्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धा कॅलिफोर्नियातल्या ला कोस्टा इथे होती. दुसऱ्या दिवशी मी 77 फटके घेतले. वारा होता, पण तो सगळ्यांनाच होता. मैदानातून बाहेर आलो तेव्हा आमच्यातला सर्वांत लहान मुलगा फलकाजवळ उभा होता. त्याने 69 केले होते. “तुझा सोडला,” तो एवढेच म्हणाला आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. माझे 77 मोजले गेले नव्हते, संघ अजून सहावा होता, दोनच फटके मागे. तिसऱ्या दिवशी मी 68 केले, तरी आम्ही सहावेच राहिलो आणि माझी पाच वर्षे तिथे संपली.

पदवीनंतर मी भारतात येऊन पुन्हा अभ्यागत व्हिसावर गेलो. केवळ बक्षिसासाठी खेळणाऱ्या, पगार न घेणाऱ्या खेळाडूला त्या व्हिसावर खेळता येते. पीजीए टूरची पात्रता शाळा (क्यू-स्कूल), म्हणजे टूरवर जागा मिळवण्यासाठीच्या स्पर्धा, चार टप्प्यांची असते: पूर्वपात्रता, पहिला टप्पा, दुसरा आणि अंतिम. प्रवेश शुल्क हजारो डॉलरांत जाते आणि ते भरणारे तुम्हीच. त्या वर्षी अंतिम टप्प्यातल्या पहिल्या पाचांना आणि पाचव्या स्थानावरच्या बरोबरीतल्यांनाच पीजीए टूरचे कार्ड मिळणार होते. मी जुन्या सहकाऱ्याची गाडी घेतली, दोघांत एक खोली, रात्रीचे जेवण डब्यातल्या राजम्याचे आणि भाताचे. पूर्वपात्रता पार केली. पहिल्या टप्प्यात 72 भोके होती आणि मी पहिले दोन दिवस 69 आणि 70 केले. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि नवव्या भोकापर्यंत मी पारपेक्षा (अपेक्षित फटक्यांपेक्षा) चार फटके वर होतो.

दहाव्या टीकडे चालताना माझी नजर उजव्या बाजूच्या दोरीकडे गेली. तिथे कोणीही उभे नव्हते. “मध्य” म्हणणारा माणूस नव्हता, आणि मागच्या गटात 69 करणारा तो लहान मुलगाही नव्हता. त्या दिवशीही माझे 77 झाले, मे महिन्यात झाले होते तितकेच. नोंदणीच्या तंबूत सही केली तेव्हा ती सही कोणाच्याही बेरजेतून वगळली जाणार नव्हती. शेवटच्या दिवशी 68 करूनही मी तीन फटक्यांनी बाहेर राहिलो. विद्यापीठीय गोल्फने मला खूप दिले आणि ते मी आयुष्यभर मानेन, पण त्याने मला एका गोष्टीची सवयही लावली होती: वाईट दिवस कोणीतरी झाकून घेईल याची. ती सवय आपल्याला लागली आहे हेच मला तोवर माहीत नव्हते.

पुढच्या हंगामासाठी मी पीजीटीआय या भारतीय टूरची पात्रता शाळा खेळलो. पुण्याहून निघताना मामांना विचारले, येता का? ते आता साठीच्या पुढे आहेत. “पिशवी हलकी भर, बाळा,” म्हणाले आणि आले. पाच वर्षे एकट्याने पिशवी वाहिल्यावर शेजारी चालणारा माणूस असणे मला आधी जड गेले. मी अंतरे स्वतःच मोजत होतो आणि ते गप्प राहत होते. दुसऱ्या दिवशी एका उताराच्या पटपाशी मी त्यांच्याकडे पाहिले. ते ग्रीनला हात न लावता, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि उन्हात गवताची चमक कोणत्या बाजूला आहे ते पाहून म्हणाले, “दीड चेंडू डावीकडं.” पट आत गेला. चौथ्या दिवशी माझे कार्ड पक्के झाले.

या टूरवर अनेक स्पर्धांचे एकूण बक्षीस एक कोटी रुपये असते आणि विजेत्याला त्यातले पंधरा लाख मिळतात. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, आणि जो त्याखाली राहिला त्याला काहीच मिळत नाही; प्रवास, राहणे आणि कॅडीचा मेहनताना मात्र द्यावाच लागतो. पहिल्या दोन स्पर्धांत मी कटखाली राहिलो. तिसऱ्या स्पर्धेत एका फटक्याने वर राहिलो आणि शनिवारी, तिसऱ्या फेरीत, 76 केले. तंबूत समोरच्या खेळाडूने माझे आकडे एकेक भोक करत वाचून दाखवले. मी ते दोनदा तपासले आणि सही करून बाहेर आलो. मामा पिशवी घेऊन सावलीत बसले होते. आम्ही फलकावर उद्याची वेळ पाहिली. सकाळी सहा चाळीस, दहाव्या टीवरून. मग दोघे पटिंग ग्रीनकडे गेलो आणि मी वाकून गवतावर तळहात ठेवला.